धुतलेले दगड

एकोडी गावात सखाबाईला उलटून बोलणारं माणूस नव्हतं. तीन वर्ग शिकलेली बाई, पण जीभ अशी की ग्रामपंचायतीचा शिपाईही तिच्या आंगणात येताना आधी खाकरायचा. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. धानाची शेती दीर पाहायचा, तुलाराम. म्हणजे राबायचा तुलाराम, आणि कुठं राबायचं ते सखाबाई सांगायची. धाकटी जाऊ अंजू, तिच्या तोंडी "हव बाई" याच्या पुढं शब्द नाही. सखाबाईची कूस उजवली नाही. तुलाराम-अंजूची एकच पोरगी, ज्योत्सना. ती सखाबाईला मोठीमाय म्हणायची, आणि अख्ख्या घरात सखाबाई ऐकायची ती तिचंच.

पोरीनं नागपूरला भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा सोयरे हसले. दवाखान्याचं नाही, मास्तरकीचं नाही, दगडांचं शिक्षण? एका लग्नात पुंडलिकराव नावाच्या म्हाताऱ्या सोयऱ्यानं जेवताना काढलंच, "काय वो सखाबाई, पोरगी गिट्टी फोडायले शिकून राहिली म्हणते?"

सखाबाईनं पत्रावळीवरून मान वर न करता सांगितलं, "तुमचा पोरगा पंधरा वर्षं पुस्तकं शिकला, तरी दगडच रायला. आमची दगडं शिकून माणूस होऊन राहिली, तं तुमच्या पोटात कायले दुखते?"

त्यानंतर कोणी हसलं नाही. पण बोलून बसली म्हणून पोरीच्या शिक्षणाची सगळी अब्रू सखाबाईनं आपल्याच डोक्यावर घेतली. ज्योत्सना पास झाली की पेढे ती वाटायची, आणि ज्योत्सनाला ताप आला तर भांडण नागपूरच्या हवेशी तीच करायची.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी पोरीला प्रोजेक्ट करायचा होता. तिनं आपल्याच गावाचा भाग मागून घेतला. दिवाळीच्या सुटीत, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, तेव्हा ती रोज सकाळी हातोडी, होकायंत्र आणि डायरी घेऊन निघायची. तलावाची पाळ, नाल्याचा काठ, मागची टेकडी, नव्या विहिरीचा खड्डा, काही सोडलं नाही. जिथं जमिनीतला खडक उघडा दिसे तिथं बसायची, तो कोणीकडं झुकला ते मापायची, दोन-तीन तुकडे फोडायची. तुकड्यावर काळ्या पेनानं नंबर लिहायची, तोच नंबर चिठ्ठीवर, चिठ्ठी थैलीत. अठरा दिवसांत अशा त्रेचाळीस थैल्या ओसरीत जमल्या.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. घरोघरी पाहुणे, गावात दुकानं, नाटक. एकोडीची मंडई दोन दिवसांवर आली आणि ओसरी सारवायची होती. ज्योत्सना नकाशाच्या मोठ्या प्रती काढायला भंडाऱ्याला गेलेली. सखाबाईनं अंजूकडून सगळ्या थैल्या आंगणात काढवल्या. एकीचं तोंड सुटलं आणि दोन दगड बाहेर पडले. चिखल, शेवाळ, मुंगळे.

"अवो माय! असे बरबटलेले दगड घेऊन पोरगी मास्तरणीपुढं जाईन? काय म्हणन ते बाई? यायच्या घरी पाणी नाही का, म्हणन?"

अंजूनं त्या दिवशी कधी नव्हे ते चार शब्द जास्त काढले. "बाई, पोरीले फोन करून विचारता का?"

"काहून? आंघोळ घालायले मुहूर्त लागते का?"

मग सखाबाई बसली. एकेक थैली घमेल्यात रिकामी केली, चिठ्ठी काढून पितळी लोट्याखाली दाबली, आणि नारळाच्या शेंडीनं, राखेनं दगड असे घासले की काय सांगावं. काळ्या पेनाचे आकडे काही गेले, काही वाचता येऊ नयेत इतके पुसट झाले. नंबर चिठ्ठीवर आहेच की, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. दगड चटईवर उन्हात मांडले. दगड इतके सुंदर असतात हे तिला साठ वर्षांत माहीत नव्हतं. कोणी हिरवट, साबणासारखा गुळगुळीत. कोणी पांढरा गारगोटीचा. कोणात अभ्रकाची चमक, जशी नव्या नवरीची ओढणी.

आणि इथंच तिचा हात चळला. पाहते तर एकाच थैलीतून निघालेले तुकडे वेगवेगळ्या जातीचे. एक काळा, एक पांढरा. पोरीच्या घाईचं तिला हसू आलं. आयुष्यभर तांदूळ, डाळ, लाखोळी निवडणारी बाई ती. मिसळलेलं पाहून तिचे हात गप्प कसे बसतील? तिनं हिरवे हिरव्यांत घातले, पांढरे पांढऱ्यांत, चमकणारे चमकणाऱ्यांत. सारख्या मापाचे तुकडे थैल्यांत भरले आणि वरून एकेक चिठ्ठी टाकली, हाताला आली ती. धान खरेदीच्या केंद्रावर पोत्यांवर नंबर टाकतात ते एखादं पोतं हरवू नये म्हणून. आत तर सगळा धानच. तसंच हे, असं तिला वाटलं. त्रेचाळीस चिठ्ठ्या, त्रेचाळीस थैल्या. एकही उरली नाही याचं तिला समाधानच वाटलं. शेवटी दाभण घेऊन सुतळीनं सगळ्या थैल्यांची तोंडं शिवली.

मंडईच्या दिवशी दुपारच्या गाडीनं ज्योत्सनाला निघायचं होतं. शिवलेल्या थैल्या पाहून पोरगी गळ्यात पडली. "मोठीमाय, शिवूनबी देल्ल्या? तुयासारखं कोणी नाही वो!"

पंगतीला अंजूचा भाऊ भोजराज होता, आणखी चार पाहुणे होते. भोजराजनं विचारलं, "भाची, त्या दगडायवर नंबर कायले टाकते तुम्ही?"

ज्योत्सना भाताचा घास हातातच धरून सांगायला लागली. तिला विचारलं की ती जेवण विसरायचीच. "मामा, दगड म्हणजे काहीच नाही, नंबर म्हणजे सगळं. सतरा नंबर म्हणजे तलावाच्या पाळीखालचा खडक. तो कोणत्या दिशेनं झुकला, बाजूला काय होतं, कोणावर कोण बसलं होतं, ते सगळं डायरीत सतरा नंबरखाली लिहिलं. एकाच जागी दोन जातीचे खडक भेटतात ना, तिथंच खरी गंमत. आता सतराच्या थैलीत दुसराच दगड गेला, तं माह्या नकाशात आपला तलाव टेकडीवर चढून जाईन."

सगळे हसले. सखाबाईच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

अंजू भात वाढत होती. तिचा हात थांबला. तिनं सखाबाईकडं पाहिलं, एवढंसं, आणि लगेच नजर खाली घातली.

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. जीभ टाळूला चिकटली म्हणावं, तर तीच जीभ पाच मिनिटांपूर्वी पाहुण्यांना पोरीचं कौतुक ऐकवत होती. गाडीला अर्धा तास होता. समोर भोजराज बसला होता, ज्याला तिनं कालच सांगितलं होतं की आमच्या घरी पोरीच्या शिक्षणातलं सगळ्यांना समजते. आणि गळ्यात पडलेल्या पोरीचे हात अजून मानेला जाणवत होते. सखाबाईनं मनाची समजूत घातली: पोरगी एवढी शिकलेली, दगड पाहताच ओळखीन. थोडंफार इकडचं तिकडं झालं असन, लावून घेईन. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि घास उतरवला. तुलारामनं थैल्यांचं पोतं मोटरसायकलवर बांधून थांब्यावर नेलं.

त्या दिवसापासून सखाबाईच्या जिवाला चैन नाही. फोन आला की आधी तीच धावायची. "पोरी, दगडं कशी आहेत वो?"

"मोठीमाय, दगडायची तब्येत विचारून राहिली का? बरी आहेत. कापायले देल्ली आहेत." दगडाचा कागदाहून पातळ काप काढून काचेवर चिकटवतात आणि दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहतात, हे तिनं एकदा समजावून सांगितलं होतं. थैल्या तशाच कापणाऱ्याकडं गेल्या होत्या. धुतलेले दगड पाहून ज्योत्सनाला वाटलं, कापणाऱ्यानंच धुतले.

दर फोनला सखाबाई ठरवायची, आज सांगीन. आणि दर फोनला शेवटी विचारायची, "जेवली का?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गत. अंजू काही बोलत नव्हती, पण अंजू काही बोलत नाही हेच सखाबाईला खुपायला लागलं. विनाकारण तिच्यावर ओरडायची. भात कच्चा, भाजी खारट. अंजू म्हणायची, "हव बाई."

फेब्रुवारीत ज्योत्सना न सांगता घरी आली. डोळे सुजलेले. खांद्यावरची पिशवी टाकली आणि ओसरीतच बसली.

तुलाराम घाबरला. "काय झालं बाई?"

"काही नाही बाबा. माह्या डायरीत लिहिलं एक, काचेवर दिसते दुसरं. पाळीखाली मी हिरवा मऊ दगड लिहिला, कापात निघाली गारगोटी. एक-दोन नाही, वीस काप केले, त्यातले सोळा तसेच. मॅडम सगळ्यायसमोर म्हणाल्या, ही डायरी घरी बसून लिहिली का? पोरं हसली." ती थांबली. "उद्या मॅडम स्वतः जागा पाहायले येऊन राहिल्या. डायरी खोटी निघाली तं प्रोजेक्ट रद्द."

मग तिनं विचारलं, "कोणी माह्या थैल्यायले हात लावला होता का?"

सखाबाई सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला नाही. तुलाराम बायकोवर उखडला. "तूच होती ना ओसरी सारवत? काय केलं तुनं? सांग ना!"

अंजू हळूच म्हणाली, "मी आंगणात उचलून ठेवल्या होत्या."

"ठेवल्या म्हणते! शिकल्या-सवरल्याच्या वस्तूले हात कायले लावते तू? अडाणी बाई!"

अडाणी हा शब्द त्या घरात कोणी कोणाला म्हणत नव्हतं. सखाबाईसमोर तर नाहीच. तो शब्द अंजूच्या अंगावर पडला आणि पाहता पाहता सखाबाईच्या काळजात रुतला, पण तोंडातून काय निघालं? "जाऊ दे तुलाराम. झालं ते झालं." वरून मोठेपणा! अंजूनं यावेळी वर पाहिलंही नाही.

"बाबा, मायवर नका ओरडू," ज्योत्सना म्हणाली. "उचलल्यानं काही होत नाही. मीच चुकली असन. आता तं मले वाटते, मले दगड ओळखताच येत नाही. दोन महिने त्या यंत्रात डोळे फोडून राहिली, सारखं वाटते, पाहिलं ते खरं का लिहिलं ते खरं? हे शिक्षण माह्या कामाचं नाही. मॅडमले उद्या सांगून देते. सोडते."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मॅडम जीपनं आल्या. भावना मॅडम, पन्नाशीच्या, पायात बूट, डोक्याला रुमाल. घरी चहाही न घेता थेट तलावाकडं निघाल्या. सखाबाई अंजूला घेऊन मागून किटली घेऊन गेली. घरी थांबवेना.

पाळीखाली मॅडमनी डायरी उघडली, खडकावर होकायंत्र टेकवलं, हातोडीनं तुकडा फोडला, भिंगातून पाहिला. हिरवा, मऊ. डायरीत होता तसाच. मग नाल्याची जागा, मग विहिरीची. तिन्ही ठिकाणी डायरी खरी.

"डायरी तर उत्तम आहे तुझी," मॅडम म्हणाल्या. त्यांच्याही कपाळावर आठी होती. "मग थैलीत दुसरे दगड आले कसे?"

"मॅडम, चिठ्ठ्या मीच भरल्या होत्या. माझीच चूक झाली असेल."

"वीसपैकी सोळा? ही चूक नाही, बेफिकिरी आहे. तसं लिहून दे. नमुने गोळा करताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, असं. मला विभागात दाखवावं लागेल. आणि पुढे फिल्डच्या कामासाठी तुझी शिफारस मी करणार नाही, हे आत्ताच सांगते."

ज्योत्सनानं मांडीवर डायरी घेतली आणि मागच्या पानावर लिहायला लागली. वाऱ्यानं पान उडत होतं, ती कोपरानं दाबत होती. सखाबाईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण खाली पोरीनं नाव लिहायला घेतलं ते तिला समजलं. सही तिला ओळखू येत होती. बँकेत, तहसिलीत, जिथं सही केली तिथून माणूस मागं फिरत नाही, हे तिला माहीत होतं.

"थांब पोरी," ती म्हणाली. "नाव नोको घालू."

"मोठीमाय, तू मधात नोको बोलू."

"बोलतो. आतापावतर बोलली नाही, म्हणून तं हे झालं." तिनं किटली खाली ठेवली. "मॅडम, ते दगड म्या धुतले."

मॅडमना कळलं नाही. "धुतल्यानं काही होत नाही, काकू."

"नुसते नाही धुतले. नंबर घासून काढले. मग निवडले. हिरवे हिरव्यात, पांढरे पांढऱ्यात. चिठ्ठ्या हाती आल्या तशा टाकल्या. मले वाटलं, धानाच्या पोत्यासारखे नंबर असतीन."

मग मॅडमना हसू फुटलं. त्यांनी रुमालानं तोंड दाबलं, पण फुटलंच. साठ वर्षांत सखाबाईला कोणी तोंडावर हसलं नव्हतं. ती खाली पाहत उभी राहिली. हसण्यासारखंच होतं ते.

ज्योत्सना हसली नाही. "कधी धुतले?"

"मंडईच्या दोन दिवस आधी."

पोरीनं हिशोब लावला तो सखाबाईला तिच्या डोळ्यांत दिसला. "म्हणजे पंगतीत मी मामाले नंबरचं सांगितलं, तेव्हा तू माह्या समोर बसली होती."

"हव."

"तुले तेव्हाच समजलं?"

"हव पोरी."

"गाडीले अर्धा तास होता मोठीमाय! म्या तिथंच बसून सगळ्या थैल्या लावून घेतल्या असत्या. दगड आठवत होते मले तेव्हा. एक न एक आठवत होता." तिनं पेन खाली टाकलं. "धुतले त्याचं काही नाही वो. पण मी दोन महिने सोतालेच खोटी समजून राहिली. आणि काल बाबा मायले अडाणी म्हणाले, तू सुपारी कातरत होती!"

आता सबब सांगायची नसते, इतकी अक्कल तिला तेवढ्यात आली होती. ती अंजूकडं वळली. थोरल्या जावेनं धाकटीची माफी मागायची रीत आमच्याकडं नाही, त्यामुळं तिला शब्दही सापडेनात. "अंजू," ती म्हणाली, "अडाणी मी. घरी जाऊन तुलारामले मीच सांगतो."

अंजू किटलीतून चहा ओतायला लागली. कप भरून वाहिला तरी ओततच राहिली.

मॅडमनी डायरीतलं पान फाडून चुरगळलं. पण नियम तो नियमच. नंबर पुसलेले दगड काही बोलत नाहीत, सगळे नमुने पुन्हा घ्यायचे, काप पुन्हा करायचे. उन्हाळ्यातल्या परीक्षेला प्रोजेक्ट जमा होणार नाही, हिवाळ्यात होईल. वर्गातली पोरं पुढं जातील, ज्योत्सना सहा महिने मागं राहील. "वर्गासमोर मी जे बोलले, ते वर्गासमोरच मागे घेईन," मॅडम तिला म्हणाल्या. मग सखाबाईकडं पाहून, "काकू, निवडले मात्र नीट असणार तुम्ही."

ती थट्टा होती. सखाबाईनं ती गिळली.

घरी तुलारामला सांगितलं. तो वहिनीला काय बोलणार? बांधावर निघून गेला, संध्याकाळी आला, तेव्हा न सांगता बायकोच्या हातातली पाण्याची घागर घेतली. तेवढंच.

दुसऱ्या दिवसापासून ज्योत्सना पुन्हा फिरायला लागली. थैल्या धरायला तिनं अंजूला नेलं. सखाबाई चपला घालून दारापर्यंत आली होती. पोरगी तिच्याकडं न पाहता म्हणाली, "तू नोको येऊ." घरचं शेण, पाणी, चूल सखाबाईवर आलं. बोरिंगवर बायांनी विचारलं, काय वो, पोरगी तेच दगड परत कायले फोडून राहिली? नागपूरच्या मास्तरणीनं काहीतरी नवीन काढलं असन, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. शब्द जिभेवर आलेही.

"पहिले म्या नासवले," ती म्हणाली. "धुऊन ठेवले, नंबर पुसले. पोरीचे सहा महिने गेले."

मग मागून कोणीतरी फिदकन हसलं. सखाबाईनं वळून पाहिलं नाही, हंडा भरला, डोक्यावर घेतला. गावात ती गोष्ट दुपारपर्यंत झाली. पुंडलिकरावापर्यंतही पोचली असणार.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी मायलेकी धुळीनं भरून आल्या. अकरा थैल्या होत्या. ज्योत्सनानं थैल्या ओसरीत ठेवल्या नाहीत. आतल्या खोलीतली लोखंडी पेटी रिकामी केली, त्यात लावल्या, बाजारातून आणलेलं नवं कुलूप घातलं आणि किल्ली अंजूच्या हातात दिली. सखाबाई चुलीपाशी बसून पाहत होती. तिच्या घरात, तिच्यापासून कुलूप. पोरीनं बरोबर केलं होतं.

अंजूनं किल्ली पदराच्या गाठीला बांधली आणि सवयीनं विचारलं, "बाई, भाजी कायची करू?"

"तू बस. दिवसभर चालली. मी करतो," सखाबाई म्हणाली. "कायची करू ते सांग."

अंजू गोंधळली. चोवीस वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. "तुम्हीच सांगा ना बाई," ती म्हणाली, आणि उभीच राहिली. सखाबाईही वाट पाहत राहिली. दोघींचं ते अवघडलेपण आतपर्यंत गेलं असावं.

"वांगे करा," आतून ज्योत्सनाचा आवाज आला.

तीन दिवसांत चुलीच्या दिशेनं आलेला तो पहिला शब्द. कोणाला म्हणाली, मायला की मोठीमायला, ते काही कळलं नाही. सखाबाईनं विचारलं नाही. विळी पुढं ओढली आणि वांगी चिरायला घेतली.